घाटगे सरांची मूठ

चिंचकुरण नावाच्या गावात एक भोळा ढोलवाला राहत होता. नाव सोपान, इयत्ता नववी, अंगानं रेडा. हायस्कूलच्या बँडपथकातला मोठा ढोल दुसऱ्या कुणाला उचलायचाच नाही, म्हणून तो सोपानच्या गळ्यात पडला. पोरगं गुणी हो! सांगितलेला शब्द खाली पडू द्यायचं नाही. तीच तर पंचाईत होती.

पथक घाटगे सरांचं. वीस वर्षं त्यांनी पोरं तयार केली, पण बँडस्पर्धेची ढाल एकदाही मिळाली नाही. त्या वर्षी मुख्याध्यापिका इनामदार बाईंनी ठणकावून सांगितलं, "सर, पोषण आहाराचे तांदूळ व्हरांड्यात भिजतायत. या खेपेला तालुक्याची ढाल आणा. नाहीतर बँडची खोली रिकामी करा. तिथं पोती लावू."

खोली गेली की पथक गेलं.

त्याच आठवड्यात पावसाळी हवेनं ढोल ढिला पडला. सरांनी काटक्या पेटवल्या आणि ढोल लांबून शेकला. कातडं टणटणीत झालं.

"बघ सोपान, ढिलं पडलं की शेकायचं. कळलं?"

"कळलं, सर. ढिलं पडलं की शेकायचं."

शेजारच्या वर्गात सांस्कृतिक मंडळाची नाटकाची तालीम चालली होती. मंडळाची प्रमुख कांचन, दहावीतली, एकदम खमकी पोरगी. नाटकात राजा तीच, बँडपुढं गोंड्याची काठी घेऊन चालणारीही तीच. ती म्हणाली, "शी बाई, ही पगडी किती ढिली आहे! सारखी डोळ्यांवर येतेय."

दारात उभ्या सोपाननं पगडी उचलली आणि तो शाळेमागं गेला. थोड्या वेळानं आला, तर हातात नुसता तुरा.

"पगडी कुठाय?" कांचननं विचारलं.

"शेकली."

"शेकली म्हणजे?"

"आता ढिली नाही. आता नाहीच."

सरांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, कापड कुणी शेकतं का? टाचणी लावायची असते, टाचणी!"

"चुकलं, सर. आता टाचणी लावणार."

चार दिवसांनी आभाळ भरून आलं. ढोल पुन्हा ढिला पडला. पण सोपान आता शिकलेला होता. त्यानं ऑफिसातून टाचण्यांची डबी आणली आणि ढोलाला एक टाचणी लावली. ढोल जास्तच ढिला पडला. मग दुसरी लावली. मग तिसरी. डबी संपली तेव्हा ढोलाची चाळण झाली होती, आणि सोपान दुसरी डबी मागायला निघाला होता.

हलगीवाल्या दादाच्या हातापाया पडून सरांनी नवं कातडं चढवून घेतलं. मग सोपानपुढं खरोखर हात जोडले. "बाबा रे, इथून पुढं मला विचारल्याशिवाय काही म्हणजे काही करू नकोस!"

"चुकलं, सर. आता विचारणार."

दुसऱ्या दिवशी तालीम. बिगुल वाजला, झांजा वाजल्या. सोपाननं एक टोला हाणला आणि थांबला.

"सर, दुसरा मारू?"

"मार!"

धुम्म.

"तिसरा?"

पोरं हसून हसून गडबडा लोळली. बिगुलवाल्याची फुंकर कुठल्या कुठं गेली. सरांच्या डोळ्यांपुढं मात्र तांदळाची पोती नाचायला लागली. स्पर्धेला पाच दिवस उरले होते.

"विचारू नकोस!" सर ओरडले. "कुणाला काही विचारू नकोस! पुढं काठी दिसली की तिच्यामागं वाजवत चालायचं. डावीकडं बघायचं नाही, उजवीकडं बघायचं नाही, कुणी काही बोललं तरी ऐकायचं नाही. मी अशी मूठ आवळून समोर धरली की थांबायचं. मूठ उघडली की परत चालू. आणि बाकीच्यांनो, ढोल जाईल तिथं तुम्ही!"

"बरं सर," सोपान म्हणाला, आणि त्यानं अगदी लक्षात ठेवलं.

स्पर्धेच्या दिवशी कांचन गोंड्याची काठी घेऊन पुढं, तिच्यामागं सोपान, त्याच्यामागं तेवीस पोरं. आणि काय सांगू, असं वाजलं, असं वाजलं की मैदान उठून उभं राहिलं! कांचननं मंचाला सलामी दिली आणि ठरल्याप्रमाणं बाजूला झाली. आता सरांनी मूठ आवळायची. पण सरांच्या डोळ्यांत पाणी. सर दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाजवताना मूठ कशी आवळणार?

तेवढ्यात एक फुगेवाला खांद्यावर काठी टाकून फाटकाकडं निघाला.

पुढं काठी. सोपान निघाला. मागं तेवीस पोरं निघाली. लोकांना वाटलं, काय झोकात बाहेर पडतायत! सर धावले, तर परीक्षकांनी अभिनंदन करायला त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले.

निकाल लागला. पहिला नंबर, चिंचकुरण!

"पथक हजर हवं हो," परीक्षक म्हणाले. "नाहीतर ढाल दुसऱ्या नंबरला. नियम आहे."

सरांनी कान टवकारले. बाजारपेठेकडून आवाज येत होता. धुम्म. धुम्म.

"ऐका की! हजरच आहे!"

परीक्षकांनी कानामागं हात धरून ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा सर मनात म्हणत होते, सोपान, बाळा, थांबू नकोस. सोपान कशाला थांबतोय! परीक्षक म्हणाले, "येतोय खरा आवाज," आणि ढाल दिली.

ढाल छातीशी धरून सर पळाले, मागं कांचन. तिसऱ्या गावाच्या वेशीवर पथक सापडलं. फुगेवाला मैलाच्या दगडावर चढून बसला होता. त्याच्यापुढं सोपान जागच्या जागी पाय आपटत वाजवत होता.

"अहो मास्तर, मी काय नवरदेव आहे का? आवरा ही वरात!"

"सोपान, थांब!" सर ओरडले. सोपान कशाला ऐकतोय.

"सर, मूठ! मूठ!" कांचन ओरडली. पण हातात ढाल. "जरा धरा हो," म्हणत सरांनी ती फुगेवाल्याकडं दिली, सोपानच्या पुढ्यात आले आणि मूठ आवळली.

ढोल थांबला. सगळं थांबलं.

"पोरांनो, जिंकलो रे!" सर म्हणाले. "खोली वाचली आपली! शाब्बास सोपान!" आणि त्यांनी त्याची पाठ थोपटायला मूठ उघडली.

सोपानचा हात वर गेला. ते बघून फुगेवाल्यानं दगडावरून उडी मारली आणि धूम ठोकली. खांद्यावर काठी, बगलेत ढाल. धुम्म!

चिंचकुरणच्या शाळेत पोती अजून व्हरांड्यातच आहेत. बाई म्हणतात, ढाल बघितल्याशिवाय मी काही ठरवणार नाही. सर मूठ आवळूनच पळतायत, पण मागून. मागं बघ असं सोपानला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा तुमच्या गावात फुग्यांमागून ढोल येताना दिसला, तर एवढे उपकार करा. समोर जा आणि मूठ आवळा. आणि काही झालं तरी त्या पोराची पाठ थोपटू नका.