शांतवनची अट

सैतान शिंगं लावूनच येतो असं कुणी सांगितलं? शांतवन ड्रायव्हरपुढे तो मालकाच्या आग्रहातून आला. प्रभूच्या आधाराने शांतवनने दारू सोडली होती. स्वतःच्या वाढदिवसाच्या जेवणात मालक नानासाहेबांनी सगळ्यांदेखत त्याच्यापुढे दारूचा पेला धरला.

“घे रे! एका घोटानं काय होतंय? तुझा येशू माफ करेल. मी नाही करणार. नको म्हणालास तर उद्यापासून कामावर येऊ नकोस.”

शांतवनने क्षणभर डोळे मिटून प्रार्थना केली.

“घेतो, नानासाहेब. काही होत नाही म्हणता ना? मग तुमच्या नातीला गाडीत बसवा. घोट घेतो आणि लगेच तिला घाटातून तिच्या घरी सोडून येतो.”

नात चपला घालून पळत आलीसुद्धा.

नानासाहेबांनी पेला झटकन मागे घेतला.

“याला चहा आणा रे,” ते म्हणाले, “कडक.”

चहा पिऊन शांतवननेच नातीला घरी सोडलं.