वासाचं पाणी

खूप जुन्या काळी डोंगराच्या उतारावर एक नगर वसलं होतं. सगळ्यात वर राजवाडा, त्याखाली पेठा आणि अगदी तळाला, ओढ्याकाठी, खालची आळी. नगराचा राजा तरुण होता, मनाने चांगला होता. फक्त पायऱ्या उतरून खाली जायचा त्याला भारी कंटाळा.

त्या नगरात एक रीत होती. राज्याभिषेकाच्या दिवशी प्रत्येक आळीतून एकेक तांब्या पाणी यायचं आणि राजाने प्रत्येकातला एक घोट प्यायचा. त्याशिवाय मुकुट डोक्यावर चढत नसे.

या राजाच्या अभिषेकाचा दिवस उजाडला. तो वाळा आणि केशराच्या खास अत्तराने न्हाऊन दरबारात बसला. पेठांचं पाणी पिऊन झालं. खालच्या आळीचा मात्र पत्ता नव्हता. शेवटी टोपल्या विणणारी एक बाई धापा टाकत आली. तिच्या हातातला तांब्या चिंचेने घासून लख्ख केलेला होता.

"एवढा उशीर?" प्रधान खेकसला.

"रागावू नका, मायबाप. पहाटेच निघणार होते. पण पहाटेचं पाणी साधं असतं, ते महाराजांना कसं द्यायचं? वासाचं पाणी यायची वाट बघत ओढ्यावर बसले होते."

"वासाचं पाणी?" राजाने विचारलं.

"रोज थोडं येतं, सणावाराला जास्त. देवाची कृपा म्हणून आम्ही आजाऱ्याला तेच पाजतो. माझी दोन लेकरं जुलाबाने गेली. आता धाकटीही आठ दिवस पडून आहे. तिलाही तेच देतेय. हिला तरी गुण येईल."

राजाने तांब्या तोंडाशी नेला आणि त्याचा हात तिथेच थांबला. वाळा आणि केशर. हे अत्तर नगरात त्याच्या एकट्यासाठी बनत असे.

"प्रधानजी, आमच्या न्हाणीचं पाणी कुठे जातं?"

"ओढ्यात, महाराज."

"आणि वाड्यातल्या शौचकूपांचं?"

प्रधानाच्या तोंडचं पाणी पळालं. "तेही ओढ्यातच. आपल्या आजोबांच्या काळापासून." मग तो राजाच्या कानाशी लागला. "मुहूर्त टळतोय. नुसतं ओठाला लावल्यासारखं करा, कुणाला कळणार आहे?"

राजाच्या मनात आलं, आपल्याला ज्याचा थेंब नको, ते ही बाई लेकराला औषध म्हणून पाजते आहे. त्याने तांब्या खाली ठेवला.

"बाई, ते पाणी मुलीला देऊ नका. तो वास माझ्या आंघोळीचा आहे. आमच्या वाड्याची सगळी घाण त्या पाण्यात येते."

बाईने तांब्याकडे बघितलं. "म्हणजे मी माझ्या हातानं..." एवढंच ती म्हणाली.

राजाने वैद्याला झऱ्याच्या पाण्याचे हंडे देऊन ताबडतोब खालच्या आळीत धाडलं. मुकुट त्याने तबकातच राहू दिला.

"खालच्या आळीचं पाणी मला पिता येईल, त्या दिवशी तो घालीन," तो म्हणाला. "वरच्या झऱ्यावर माझा जेवढा हक्क, तेवढाच त्यांचा."

वर्षभर काम चाललं. झऱ्यापासून तळापर्यंत खापरी नळ आले. वाड्याचं सांडपाणी ओढ्यापासून लांब वळवलं, आळीत घराघराला शौचकूप बांधले. काम बघायला राजा रोज पायऱ्या उतरत होता.

वर्षाने पुन्हा दरबार भरला. या वेळी तांब्या बाईच्या धाकटीच्या हातात होता. चांगली टुणटुणीत झाली होती पोर. आई मात्र मागे अवघडून उभी होती. चांगलं पाणी म्हणजे वासाचं, ही जुनी सवय जाता जात नाही.

"महाराज," आई हळूच म्हणाली, "या पाण्याला कसलाच वास नाही हो."

रीत एका घोटाची होती. राजाने अख्खा तांब्या रिकामा केला.

तात्पर्य: जो घोट आपल्याला पिववत नाही, तो दुसऱ्या कुणाच्याही हंड्यात असता कामा नये. स्वच्छ पाणी जन्माला आलेल्या प्रत्येकाच्या हक्काचं आहे.