नेम कुणावर

"लेझर घेऊ, का अंधारात चमकणारी साइट?" रघुवीर डफळेनं दुसऱ्यांदा विचारलं.

बाबालाल मुजावर मान खाली घालून पिस्तुलाची नळी पुसत राहिले. एकतीस वर्षं पोलिसांची हत्यारं दुरुस्त केलेला माणूस. निवृत्तीनंतर जतच्या बाहेर, माळाच्या कडेला पत्र्याच्या शेडात बसायचे. तीन तालुक्यांतले बंदूकवाले त्यांच्याकडे शिकायला यायचे आणि त्यांना वस्ताद म्हणायचे.

रघुवीरचे दोन खडी क्रशर होते. धमकीची चिठ्ठी आली, तेव्हा त्यानं लायसन काढलं आणि पिस्तूल घेतलं. आज तो नेम धरायला पिस्तुलावर बसवायच्या या दोन्ही वस्तू सोबत घेऊन आला होता. त्यांच्याविषयी त्यानं इतकं वाचलं होतं, की वस्तादालाच समजावून सांगू लागला.

"लेझरचा लाल ठिपका थेट समोरच्याच्या छातीवर पडतो. डोळ्याशी पिस्तूल आणायचीही गरज नाही. साइटची हिरवी टिंबं मात्र पिस्तुलावरच असतात. तिला सेल लागत नाही, ऐनवेळी दगा देत नाही."

"दोन्ही चांगल्या हायत."

"एक कुठली ते सांगा, वस्ताद."

"कशापायी पाहिजे?"

"नेम चुकू नये म्हणून."

"कधी चुकलाय?"

रघुवीरनं खिशातला रुमाल काढला, पुन्हा आत ठेवला.

"एकदा... महिना झाला. लाइट गेली होती. मागच्या दाराची कडी वाजली. मी झाडली. गोळी चौकटीत घुसली. डोक्याच्या चार बोटं वर."

"आणि चोर?"

"...पळाला."

वस्तादांनी दोन्ही वस्तू पिस्तुलावर बसवल्या. मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, गोळी बसते त्या चेंबरमध्ये बोट घालून पाहिलं, मग रघुवीरलाही घालायला लावलं.

"रिकामं हाय न्हवं?"

"रिकामं आहे."

"चल."

शेडामागं बिनखिडकीची कोठी होती. वस्तादांनी त्याला आत घेतलं, स्वतः त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि दार ओढलं. बाहेर भर दुपार होती. आत स्वतःचा हातही दिसेना.

कोपऱ्यात काहीतरी खट्‌ वाजलं.

रघुवीरचा हात आपोआप वर आला. लाल ठिपका झर्रकन फिरला आणि थांबला. चाप ओढला गेला. टक्‌.

"लागली?" मागून आवाज आला.

"लागली. मधोमध!"

"कुणाला?"

रघुवीरनं डोळे ताणले. ठिपक्याशिवाय काही दिसलं नाही.

"लेझर बंद कर. आता साइट बघ."

हिरवी टिंबं एका रेषेत आली. या वेळी आवाज दुसऱ्या कोपऱ्यातून आला. टक्‌.

"लागली?"

"...लागली असणार."

"कुणाला?"

"दिसत नाही, वस्ताद."

"मग काय दिसतंय?"

"माझं पिस्तूलच तेवढं दिसतंय."

वस्तादांनी दार उघडलं, पिस्तूल स्वतःकडे घेतलं. कोपऱ्यांत त्यांनी फेकलेले दोन खडे पडले होते. भिंतीला रिकाम्या पोत्यांची थप्पी होती. बाकी काही नव्हतं.

रघुवीर उंबऱ्यावर बसला. सदरा पाठीला चिकटला होता.

"चोर नव्हता तो," तो म्हणाला.

वस्ताद त्याच्या शेजारी टेकले.

"आई होती. परसात गेली होती. मला उठवायला नको, म्हणून कंदीलसुद्धा नेला नाही तिनं... गोळी डोक्यावरून गेली. पदरावर लाकडाचा भुसा पडला. मी ओरडलो, तर मलाच म्हणाली, तुला लागलं नाही ना रे?"

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. तिनंही नाही सांगितलं. बायको विचारते, चौकटीला काय झालं. आई म्हणते, किडीनं पोखरलीय."

"आता कशी हाय ती?"

"बरी आहे. जेवते. भाजी निवडते. फक्त... कुठल्याही खोलीत शिरायचं झालं की दाराशी थांबते. दिवसाढवळ्यासुद्धा. आधी हाक देते. 'मी हाय रे रघू, मी.' मी ओ दिली, की मगच पाऊल आत टाकते."

माळावर वारा सुटला. पत्रा जरासा वाजला. त्या आवाजानं रघुवीर दचकला आणि त्याचा हात रिकाम्या कमरेकडे गेला. वस्तादांनी ते पाहिलं.

"धमक्या काही थांबल्या नाहीत," रघुवीर घाईनं म्हणाला. "उद्या खरंच कुणी आलं तर? मला काहीतरी घ्यावंच लागेल. तुम्ही फक्त सांगा, यातलं कोणतं?"

वस्तादांनी पिस्तुलावरून लेझर उतरवला, साइट उतरवली. दोन्ही फडक्यात बांधून त्याच्या मांडीवर ठेवल्या.

"घरी जा. आईपुढं दोन्ही मांड... आणि तिलाच इचार, पुढच्या खेपेला कशानं नेम धरू."