खेमकाची चुंबळ

पूर्वी समुद्राकाठच्या शंखतीर नावाच्या लहानशा नगरात राजा सुबाहू राज्य करीत होता. तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या हमालांच्या कुळात जन्माला आले आणि पुढे आपल्या बुद्धीने बंदराचे अमात्य झाले. त्या नगराला शेती नव्हती. परक्या देशांची जहाजं आली की चुली पेटायच्या, नाही आली की नाही.

तिथल्या हमालांची एक रीत होती. डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची चुंबळ ज्याची त्याची वेगळी, बायकोच्या लुगड्याच्या काठाची वळलेली. ती बंदरावर ज्याच्या त्याच्या खुंटीला टांगलेली असायची. आणि ओझं एकट्यानं उचलायचं नाही, एकट्यानं उतरवायचं नाही. दुसऱ्यानं नाव घेऊन हात लावायचा.

एकदा समुद्रापलीकडे लढाई जुंपली. तीन वर्षं एक शीड दिसलं नाही. तिसरं वर्ष सरताना काळसेन नावाचा व्यापारी आला आणि एका चुंबळीला एक मापटं तांदूळ देऊ लागला. जुन्या कापडाला कोण एवढं देतं? लोकांनी दिल्या. खेमक हमालाची मुलगी दोन दिवस उपाशी होती, त्यानंही दिली.

महिन्याभरात बारा जहाजं आली. हमाल धावत बंदरावर गेले, तर तिथं ओझी वाहणारे दुसरेच होते, काळसेनानं आणलेले. राखेच्या रंगाचे. ओझ्याखाली चेहरा दिसत नव्हता. एकटेच उचलत, एकटेच ठेवत. भर दुपारी ओल्या चिखलातून जात, पण मागे पाऊल उमटत नव्हतं.

पहारेकरी हसून म्हणाला, "जेवायला मागत नाहीत, उलट बोलत नाहीत. असे जावई मिळायला हवेत."

राजाचं कोठार भरू लागलं. हमाल मात्र घरी बसून होते, आणि बसूनच विरत चालले होते. खेमकाची मुलगी दोन्ही हात वर करून त्याच्यापुढे उभी राहायची. त्याचे हात गुडघ्यावरून उठायचेच नाहीत. मग ती तशीच उभी राहायची, बराच वेळ.

खेमकाची बायको पुण्णा बोधिसत्त्वांकडे आली. "दादा, त्या रांगेतला सातवा डावा पाय ओढतो. अगदी आमच्या ह्यांच्यासारखा. मी वेडी झाले का?"

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्व रांगेपाशी उभे राहिले. लहानपण त्यांचं याच लोकांत गेलं होतं. प्रत्येकाची चाल त्यांना ओळखू आली, आणि प्रत्येकाच्या ओझ्याखाली विकलेली चुंबळ होती. पहिला तर पाऊल टाकण्याआधी कान खाजवत होता, म्हाताऱ्या तिस्सासारखा. तिस्स चुंबळ विकून आठव्या दिवशी मेला होता.

काळसेन जवळ येऊन म्हणाला, "अमात्य, तुम्ही इकडे पाहू नका, एवढंच. दर जहाजामागे तुमचा वाटा पोचेल."

बोधिसत्त्व तिथून राजाकडे गेले आणि त्यांनी ती रांग थांबवायची परवानगी मागितली.

राजा म्हणाला, "आपलं बंदर लहान आहे. नाही म्हटलं तर ही जहाजं पलीकडच्या खाडीत जातील. किती कष्टानं परत आली आहेत."

"महाराज, जहाजं परत आली. माणसं आली का?"

"आणि बाराच्या बारा गेली तर?"

"तर माझ्या घरातलं धान्य सगळ्यांचं. ते संपलं की मी पुन्हा ओझी वाहीन."

 राजानं होकाराची मान हलवली.

भर दुपारी पुण्णा मुलीला कडेवर घेऊन सातव्याच्या वाटेत उभी राहिली. नवऱ्याचं नाव तिनं आजवर तोंडानं घेतलं नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, "लाज सोडली हिनं." तो पाय ओढत जवळ आला. तिनं पदर पुढे ओढला.

बोधिसत्त्व म्हणाले, "बाई, तुझ्याशिवाय त्याचं ओझं कोणी उतरवणार नाही. नाव घेऊन हात लाव."

"खेमका," ती म्हणाली, "उतरव." आणि तिनं हात लावला. हाताला विहिरीतल्या दगडासारखं गार लागलं. ओझं खाली आलं. त्याखाली कोणी नव्हतं. तिच्या हातात फक्त चुंबळ होती, घामानं ओली, ऊन ऊन.

थोड्या वेळानं खेमक स्वतः लंगडत बंदरावर आला. मुलीनं हात वर केले, आणि त्यानं तिला उचलली.

मग ज्याचं माणूस त्यानं हाक मारली. तिस्साला हाक मारायला कोणी उरलं नव्हतं. बोधिसत्त्वांनी त्याचं नाव घेऊन हात लावला. त्याची चुंबळ गारच राहिली आणि कोणी आलं नाही. त्यांनी ती तिस्साच्या खुंटीला टांगली.

काळसेन त्याच दिवशी गेला. सात जहाजं त्याच्यामागे गेली. उरलेल्या पाचांचं काम हमालांनी वाटून घेतलं, एक दिवस याचं, एक दिवस त्याचं. बोधिसत्त्वांचं घर रिकामं झालं, आणि बोलल्याप्रमाणे त्यांनी डोक्यावर चुंबळ ठेवली. दोन पावसाळ्यांत सगळ्या किनाऱ्याची वाळू सरकली आणि पलीकडच्या खाडीत माल उतरेना. शंखतीरला मात्र जहाजापासून काठापर्यंतची नवी वाट रोज चालणाऱ्या हमालांच्या पायांना ठाऊक होती, म्हणून गेलेली जहाजं हळूहळू परत आली.

एवढं सांगून भगवान बुद्ध भिक्षूंना म्हणाले, "तो काळसेन आज देवदत्त आहे, सुबाहू राजा आनंद आहे. पुण्णा ती भिक्षुणी पटाचारा. आणि तिस्साला हाक मारणारा अमात्य मी होतो. आपलं कोणी नसलेल्याच्याही ओझ्याला हात लावावा, हीच मैत्री."