घुशीची दोन मापं

माणसांनी शेतांना कुंपणं घालायच्याही आधीची गोष्ट. माळावरचे उंदीर सुगीचं धान्य एका घुशीच्या बिळात ठेवायला देत आणि पावसाळ्यात परत नेत. घुशीकडे दोन मापं होती. धान्य घेताना ती पसरट माप वापरी, देताना उभट. दोन्ही वेळा शीग लावून, म्हणजे काठाच्या वर रास चढवून.

"दोन्ही मापं सारखीच," असं म्हणत ती एकातलं पाणी दुसऱ्यात ओतून दाखवी. थेंबही सांडत नसे. उंदीर माना डोलावत आणि पोरं उपाशी राहिली की नशिबाला बोल लावत.

एका पावसाळ्यात धान्य परत न्यायला उंदरांबरोबर एक चिचुंद्रीही रांगेत उभी होती. तिचीही पोरं उपाशीच होती. घुशीनं तिच्यासाठी भरलेल्या मापाची शीग तिनं निरखून पाहिली. उभट मापाच्या चिमुकल्या तोंडावर ती बोराएवढी बसली होती. सुगीत पसरट मापावर तर वारूळ उभं राहिलं होतं!

"हे धान्य मी उचलणार नाही," ती चिरकली.

"अगं, पाणी ओतून दाखवलं ना?" घूस गुरगुरली.

"पाण्याला शीग येते का, घूसबाई? तोंड जितकं रुंद, तितकी शीग मोठी."

"शीग लावायची रीत वाडवडिलांची आहे. ती मोडू देणार नाही!"

"मोडू नकाच. शीग लावूनच द्या. फक्त आज त्या पसरट मापानं द्या. सारखीच आहेत ना दोन्ही?"

घुशीनं पसरट माप झटकन पोटाखाली ओढून घेतलं.

ते सगळ्यांनी पाहिलं. मग रांगेतल्या एकाही उंदरानं उभट मापापुढे झोळी पसरली नाही.