भिंगरीच्या मागे गेलेली ठकाई

पठारावर ढग मुक्कामाला उतरायचे, त्या फार जुन्या काळी कोंढारीत ठकाई नावाची एक बाई गावाची गुरं राखायची. असं म्हणतात, डोळे मिटून पाठीवर नुसता हात ठेवला तरी तिला कळायचं, ही गाय भित्री, ही भांडकुदळ, ही आतल्या गाठीची.

कळपात भिंगरी नावाची गाय होती. बाकीची गुरं तळ्याकाठी चरायची; भिंगरी मात्र दिसेल त्या टेकडीपलीकडे जायची. शेवटी आबा पाटलांनी तिच्या गळ्यात लोढणं अडकवलं. पळू लागली की ते जड लाकूड गुडघ्यांवर आपटायचं. तेव्हाही माणसं अशीच होती. कोणी वेगळ्या वाटेला लागलं, की आधी त्याच्या गळ्यात लाकूड!

मग पाऊस रुसला. तळं आटलं. गुरं भेगाळलेल्या चिखलाभोवती उभी राहून जुन्या पाण्याचा वास घेत राहिली. एकेक बसू लागली, आणि बसलेली उठेना. ठकाईने कोयता घेतला आणि भिंगरीचं लोढणं तोडलं.

"अगं, तू गाय राखतेस की गाय तुला राखते?" पाटील ओरडले. "आता हीसुद्धा गेली म्हणून समज!"

"आबा, जिला इथं करमत नाही, तिलाच पाणी सापडेल. बाकीच्या तळ्याकडे बघत बसल्यात. तुमच्यासारख्या."

भिंगरी कड्याच्या धुक्यात शिरली. असं म्हणतात, कितीतरी दिवसांनी ती परतली तेव्हा तोंडात ओलं गवत होतं आणि खुरांच्या प्रत्येक ठशात पाणी चमकत होतं.

ठकाईला वाटलं, आता कळप धावेल. पण एकही गाय हलली नाही. उनाड भिंगरीवर त्यांचा भरवसा नव्हता. सगळ्यांचं लक्ष होतं गंगीकडे. गंगी सगळ्यांत भित्री, स्वतःच्या सावलीलाही बुजणारी. ती जिथे पाऊल टाकेल तिथे धोका नाही, हे साऱ्या गुरांना ठाऊक होतं.

ठकाई गंगीच्या कानाशी बसली. "चल गं बाई. मलाही भीती वाटतेय," एवढंच म्हणाली.

गंगी थरथरत उठली. पुढे भिंगरी, मग ठकाईला खेटून गंगी, गंगीमागे अख्खा कळप, आणि सगळ्यांत शेवटी पाटील. धुकं दुधासारखं दाट झालं. गुरं त्यात पोहल्यासारखी चालत राहिली. खाली उतरली, तर समोर नदी.

पाऊस परतला तशी गंगी कळप घेऊन कोंढारीला आली. काही गाई नदीकाठीच रमल्या. भिंगरी आणखी पुढे निघाली, आणि ठकाई तिच्या मागोमाग. ती पुन्हा कोणाला दिसली नाही. असं म्हणतात, त्या दोघी जिथे विसावतात तिथे झरा फुटतो.

आजही वसुबारसेच्या सकाळी कोंढारीत गोठे उघडतात, पण गुरं कोणी हाकत नाही. एखादी गाय कड्याकडे जाते, एखादी दारातच रवंथ करत बसते. घरधनीण आपल्या गाईमागे चालते, ती थांबेल तिथे तिचे पाय धुते, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी भरवते. संध्याकाळी जी परतत नाही, तिला कोणी हाका मारत नाही.

"ठकाई आहे सोबत," म्हणतात, आणि गोठ्याचं दार उघडं ठेवतात.