वाळूतला धडा

डोंगराला अजून नावही पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. कळपातला दांडगा एडका बांडी शेळीला रोज ढुशी मारून पाणवठ्यावरून हुसकायचा. शेवटी ती म्हाताऱ्या बोकडाकडे गेली.

"बुवा, मला टक्कर द्यायला शिकवा."

"टक्कर कशाला? तो अंगावर आला की त्याच्या जोराला वाट करून दे," बोकड म्हणाला आणि नदीच्या वाळूत तिच्यावर धावून गेला. ती चटकन वळली. तो मऊ वाळूत कोलमडला आणि हसतच उठला. महिनाभर हेच चाललं.

मग एकदा कड्यावरच्या पायवाटेवर एडक्याने तिला गाठलं. मान खाली घालून तो धावत सुटला. बांडी शिकवल्याबरहुकूम वळली. खाली, फार खाली, दगड घरंगळत गेले.

"मी त्याला शिंगसुद्धा लावलं नाही, बुवा," ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

बोकड म्हणाला, "चुकलं माझंच. वाळूत शिकवलं तुला. तो पडेल कुठे, ते बघायला शिकवायचं राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी पाणवठा मोकळा होता. बांडी पाण्यापाशी उभी राहिली आणि तशीच तहानलेली परतली.